शेतातलं बीळ नेमकं कुणाचं? औषध टाकण्याआधी, तार लावण्याआधी हे वाचा

एप्रिलमधल्या एका सकाळी व्हॉट्सअॅपवर मामाचा फोटो आला. मामाचं शेत सेनगाव तालुक्यात. फोटोत धुऱ्यावरचं एक मोठं बीळ, शेजारी अंदाज यावा म्हणून मामाने स्वतःची चप्पल ठेवलेली. चप्पल आडवी टाकली तरी बिळात सहज गेली असती. खाली व्हॉइस मेसेज: "घुशीनं भुईमुगाचं वाटोळं केलंय बघ. औषध टाकावं म्हणलो. नाहीतर रातच्याला तार सोडतो. तू इंटरनेटवर बघून सांग बरं काय असतं ते."

इंटरनेटवर बघितलं. बीळ, शेत, उपाय असं इंग्रजीत शोधलं की पहिल्या पानावर बॅजर येतो. युरोप-अमेरिकेत शेतं, बागा, रस्ते उकरणारा हाच प्राणी. नेदरलँड्समध्ये मार्च 2023 मध्ये एश गावाजवळ बॅजरने रेल्वे रुळांखालचा भराव पोखरला आणि गाड्या थांबवाव्या लागल्या. ब्रिटनमध्ये तर बॅजरसाठी 1992 चा स्वतंत्र कायदा आहे. परवान्याशिवाय त्याचं बीळ बुजवणंही तिथे गुन्हा ठरतो. माहिती छान, पण सेनगावच्या धुऱ्यावर तिचा उपयोग शून्य.

आपल्याकडे बॅजरचा एक दूरचा भाऊबंद आहे, पण हिंगोलीतल्या बिळांमागे बहुतेक वेळा दुसरेच प्राणी असतात. अडचण अशी, की आपण सगळ्या बिळांना एकच उपाय करतो. उंदराचं औषध सायाळीला, सायाळीसाठी तार, आणि त्या तारेवर पहाटे मोटर चालू करायला गेलेला घरचाच माणूस. अशा बातम्या डेस्कवर दरवर्षी येतात. म्हणून आधी ओळख, मग उपाय.

बीळ बघून प्राणी कसा ओळखायचा?

सगळ्यात आधी तोंडाचा आकार बघा. मूठ जेमतेम जाईल एवढं तोंड आणि शेजारी भुसभुशीत, ताज्या मातीचा लहान ढीग असेल तर ते शेतातल्या छोट्या घुशीचं किंवा उंदराचं काम. छोटी घूस अनेकदा बिळाचं तोंड आतून ताज्या मातीने बंद करून घेते, त्यामुळे वरून फक्त मातीचा उंचवटा दिसतो. ती आत धान्याचा साठाही करते. हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या रानात बीळ खणलं की आत घाटे, ओंब्या सापडतात त्या याच बाईच्या. तोंड उघडं, आजूबाजूला अशी तीन-चार तोंडं आणि जमीन हलकी असेल तर दुसऱ्या जातीचे उंदीर असू शकतात. उपाय तोच, म्हणून तिथे फार डोकं लावू नका.

गावातली मोठी घूस वेगळी. ती घराच्या पायाशी, गोठ्यात, उकिरड्याजवळ, नालीच्या कडेला असते. माळवदाच्या घरात मातीच्या भिंतीखाली एका रात्रीत घमेलंभर माती बाहेर येते, ती तिची.

घमेलं आत सरकवता येईल एवढं तोंड असेल तर थांबा. ही घूस नाही. अशा बिळाच्या तोंडाशी काळे-पांढरे पट्टे असलेला एखादा काटा सापडला तर ती सायाळ, म्हणजे पुस्तकातलं साळिंदर. कधी कधी तोंडाजवळ कुरतडलेली जुनी हाडंही दिसतात. ती बघून लोक वाघ-लांडग्याची भीती घेतात. पण सायाळ शाकाहारी आहे. हाडं ती कॅल्शियमसाठी आणि दात झिजवण्यासाठी कुरतडते. तिचं वजन साधारण 11 ते 18 किलो, फिरणं फक्त रात्री, आणि बीळ जमिनीखाली 15-18 मीटरपर्यंत लांब असू शकतं. सायाळ काटे फेकून मारते हे मात्र खरं नाही. ती मागे सरकत येऊन काटे टोचवते. कुत्र्याच्या तोंडात रुतलेले काटे बघितले असतील तर लक्षात येईल.

मोठ्या बिळांचे इतरही मालक आहेत. माळावर, गवताळ पडीकात एकाच जागी अनेक तोंडं असलेलं बीळ बहुधा खोकडाचं. खोकड उंदीर खातं, म्हणजे ते तुमच्याच बाजूचं. घोरपड आणि मुंगूस दुसऱ्याने केलेल्या बिळातही राहतात. आणि क्वचित, अगदी क्वचित, चांदी अस्वल. हाच तो बॅजरचा भाऊबंद. वरून राखाडी-पांढरं, खालून काळंभोर, पुढच्या पायाला लांब नख्या. मधाची पोळी, उंदीर, साप, किडे असं काहीही खातं. ते मढी उकरतं अशी समजूत असल्याने लोक त्याला घाबरतात. ओल्या मातीत पाच बोटांचा ठसा आणि बोटांपासून बरंच पुढे उमटलेले नखांचे खड्डे दिसले तर हात न लावता वन विभागाला कळवा.

रानडुक्कर बीळ करत नाही. त्याने उकरलेलं रान नांगरल्यासारखं उलथलेलं असतं. ही गल्लत मात्र पंचनाम्याच्या वेळी महागात पडते, ते पुढे येतंच.

मामाला म्हटलं, "बिळाच्या तोंडाशी काय पडलंय ते बघा, पण हात घालू नका." अर्ध्या तासाने दुसरा फोटो आला. तळहातावर वीतभर लांब काटा.

हात का घालायचा नाही?

बीळ करणारा प्राणी आणि आत राहणारा प्राणी एकच असेल असं नाही. उंदराच्या बिळात नाग, घोणस सर्रास असतात, कारण त्यांचं जेवण तिथेच आहे. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रेगडात पडणाऱ्या भेगाही त्यांच्या आसऱ्याच्या जागा. टॉर्च लावून दोन हात लांबून बघा, लांब काठी वापरा, पायात बूट घाला. सर्पदंश झालाच तर मांत्रिक नाही, चिरा देणं नाही, 108 ला फोन आणि सरळ दवाखाना. धामण दिसली तर तिला जाऊ द्या. फुकटात उंदीर मारणारं तिच्यासारखं दुसरं कुणी शेतात नाही.

उंदीर-घुशीचं औषध नेमकं कसं टाकायचं?

इथे सविस्तर सांगतो, कारण बहुतेक चुका इथेच होतात. दुकानातून पुडी आणली, पीठात कालवली, दिसेल त्या बिळात टाकली, असं होतं. पंधरा दिवसांनी बिळं तेवढीच. मग औषधच भेसळीचं होतं म्हणून दुकानदाराशी भांडण.

पहिली संध्याकाळ: शेतातली सगळी बिळं चिखलाने बंद करा. दुसऱ्या सकाळी जेवढी उघडलेली दिसतील तेवढीच चालू बिळं. प्रत्येकाजवळ एक काडी रोवा. शेकडो बिळं दिसतात त्या रानात प्रत्यक्षात राहती बिळं बरीच कमी निघतात, आणि औषध फक्त त्यांनाच लागतं.

यानंतर लगेच विष नाही. उंदीर नवा पदार्थ आधी थोडासा चाखतो. पोटात बिघडलं की तो पदार्थ पुन्हा तोंडात घेत नाही. आधी दोन दिवस बिनविषारी आमिष ठेवायचं ते यासाठी. भरडलेला गहू, ज्वारी किंवा तांदूळ, थोडं गोडं तेल, प्रत्येक चालू बिळात दहाएक ग्रॅम. चटक लागली की तिसऱ्या दिवशी झिंक फॉस्फाईडचं आमिष: 96 भाग भरडलेलं धान्य, 2 भाग तेल, 2 भाग औषध. हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच. कालवायला काठी घ्या आणि घरातलं भांडं अजिबात वापरू नका. आमिष बिळाच्या आत, कागदात गुंडाळून ठेवा आणि तोंड बंद करा. उघड्यावर टाकलं तर पहिला मरतो तो मोर, कोंबडी किंवा कुत्रा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडलेले मेलेले उंदीर आणि उरलेलं आमिष गोळा करून खोल पुरा. साधारण आठ-दहा दिवसांनी पुन्हा बिळं बंद करून मोजा. जी उघडतील तिथे झिंक फॉस्फाईड परत देऊन उपयोग नाही, कारण वाचलेले उंदीर ते ओळखतात. तिथे ब्रोमाडिओलोनच्या तयार वड्या वापरा. हे औषध दोन-चार दिवसांनी काम करतं, म्हणून उंदराला संशय येत नाही.

एक फरक घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. ब्रोमाडिओलोन चुकून पोटात गेलं तर व्हिटॅमिन के हा उतारा डॉक्टरांकडे आहे. झिंक फॉस्फाईडला उतारा नाही. पोटात गेल्यावर त्याचा फॉस्फिन वायू होतो आणि वेळ फार थोडा मिळतो. औषध आणलेलं पाकीट जपून ठेवा, दवाखान्यात तेच आधी विचारतात. धान्यात घालायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या बिळात टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यांच्या विक्री-वापरावर बंधनं आहेत आणि तोच वायू त्या थेट हवेत सोडतात. आखाड्यावर, लेकरं झोपतात त्या खोलीजवळ तर नावही नको.

एकट्याने केलेला बंदोबस्त टिकत नाही, हेही सांगायला हवं. तुमचं रान मोकळं झालं की शेजारच्या रानातले उंदीर राहायला येतात. शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात हे केलं तर फरक पडतो. योग्य वेळ म्हणजे उन्हाळ्याचा शेवट, पेरणीआधी, जेव्हा रानात खायला कमी असतं आणि आमिषाला ते लवकर येतात. मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते आणि एका वेताला सहा-आठ पिलं होतात. पेरणीनंतर तुम्ही त्यांच्या मागे मागेच धावता.

हळदवाल्यांसाठी दोन शब्द. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गादीवाफा उंदरालाही तेवढाच आवडतो: भुसभुशीत माती, सतत ओल, वर दाट पाल्याची सावली. ठिबकच्या नळ्या कुरतडण्याचं प्रमाणही तिथेच जास्त. बेडच्या कडेचं गवत काढा, धुरे रुंद ठेवू नका, इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे रोवा. रात्री त्यावर गव्हाणी घुबड येऊन बसतं. घुबडाला अपशकुनी म्हणणारे आमच्या घरातही आहेत, पण उंदरांच्या हिशेबात ते घरचं माणूस समजायला हरकत नाही. सोयाबीनची गंजी महिनाभर रानात ठेवू नका, उंदरांची पिढी तिच्याखालीच वाढते.

आवाजाने उंदीर पळवणारी यंत्रं ऑनलाइन हजार-दोन हजाराला मिळतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 मध्येच अशा यंत्रांच्या साठेक उत्पादक-विक्रेत्यांना दाव्यांबद्दल इशारापत्रं पाठवली होती. पैसे वाचवा.

आणि सायाळीचं काय?

सायाळ, खोकड, घोरपड, चांदी अस्वल हे सगळे वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 खाली येतात. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि दंड वाढले. चांदी अस्वल आणि घोरपड पहिल्या अनुसूचीत आहेत. त्या यादीतल्या प्राण्याची शिकार म्हणजे किमान तीन, कमाल सात वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. 'शिकार' या शब्दात बंदूकच येते असं नाही. विष घालणं, फास लावणं, सापळा लावणं आणि तसा नुसता प्रयत्नही कायद्याने शिकारच आहे. बिळात धूर करून किंवा पाणी सोडून मारणं यातून सुटत नाही.

"पण माझं पीक खाल्लं त्याचं काय?" मामाचा रास्त प्रश्न. उभं पीक ही मालमत्ता आहे हे कायदाही मानतो. काही प्राण्यांच्या बाबतीत वन अधिकाऱ्यांकडून लेखी परवानगीची वाट आहे, पण ती परवानगी आधी घ्यावी लागते, नंतर नाही. रानडुकराची प्रक्रिया वेगळी आहे. म्हणूनच कुणी उकरलं हे आधी नक्की असावं लागतं.

व्यवहारात सायाळीला अडवणं मारण्यापेक्षा सोपं आहे. तिला उंच चढता येत नाही, पण खालून खणता येतं. जाळी अडीच फूट उंच पुरते, मात्र ती जमिनीत फूट-दीड फूट गाडून खालची कड बाहेरच्या बाजूला वळवावी लागते. सगळ्या शेताला हा खर्च परवडणार नाही. भुईमूग, रताळी, मका अशा तिच्या आवडीच्या तुकड्यापुरतं करा. सौर झटका मशीन असेल तर सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभरावर हवी. आपल्याकडे ती रानडुकरांच्या हिशेबाने गुडघ्याएवढी उंच असते आणि सायाळ खालून निवांत जाते. जंगलालगतच्या निवडक गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. आपलं गाव यादीत आहे का, ते वनरक्षकाला विचारा.

झटका मशीन आणि मोटरीच्या लाइनवरून सोडलेली तार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. झटका मशीन सेकंदाच्या अगदी लहान भागापुरता ठोका देतं आणि थांबतं, त्यामुळे अंग सोडवता येतं. थेट लाइनचा करंट सलग वाहतो, स्नायू आवळले जातात, हात सुटत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात. गावात ते अंत्ययात्रेत कळतं. अशा तारेने माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 किंवा 105, सोबत वीजचोरीचा गुन्हा. शेजाऱ्याचा मुलगा तारेवर गेला आणि शेतमालक तुरुंगात, अशी दोन घरं एका रात्रीत बसतात.

नुकसानभरपाई मिळते का?

राज्य सरकारच्या निर्णयांत पीक नुकसानीसाठी प्रामुख्याने रानडुक्कर, हरिण, रोही, रानगवा, माकड-वानर अशी नावं येतात. उंदीर-घुशीला भरपाई नाही. नुकसान दिसल्यापासून तीन दिवसांत वनरक्षक, वनपाल किंवा परिक्षेत्र कार्यालयाकडे अर्ज द्यावा लागतो, मग वन, महसूल आणि कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांचा पंचनामा होतो. तोपर्यंत रान साफ करू नका. पावलांचे ठसे, विष्ठा, काटे यांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा.

नवी गोष्ट म्हणजे पीक विमा. वन्यप्राण्यांमुळे होणारं नुकसान पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीखाली अतिरिक्त संरक्षण म्हणून घेण्याचं केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं, खरीप 2026 पासून. कळवायची मुदत 72 तास, तीही अॅपवर जागेची नोंद असलेल्या फोटोंसह. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे, हे राज्यांनी ठरवायचं आहे. त्यामुळे विमा भरताना सेवा केंद्रात विचारा: आपला जिल्हा आहे का, सायाळ यादीत आहे का?

धुरा आणि शेततळ्यातली बिळं कशी बुजवायची?

हा भाग माझ्या आवडीचा, म्हणून थोडं थांबतो. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, किमान 19 जणांचा जीव गेला. तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांना दोष दिला आणि राज्यभर टर उडाली. गंमत अशी, की बिळांनी मातीचा भराव कमकुवत होतो हे चूक नाही. अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेची यावर स्वतंत्र पुस्तिका आहे. पण त्याच पुस्तिकेचा सगळा भर बिळं वेळीच शोधून बुजवण्यावर आहे, आणि ते काम खेकड्यांचं नाही.

तुमच्या शेततळ्यालाही हेच लागू. भरावातून पाणी झिरपायला जितका लांब रस्ता तितका त्याचा जोर कमी. बीळ हा रस्ता आखूड करतं. मग पाणी जाताना माती घेऊन जातं, भोक मोठं होतं, आणखी पाणी जातं. भरावाच्या बाहेरच्या अंगाला ओल दिसली तर पाणी ओंजळीत घेऊन बघा. स्वच्छ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर आतली माती वाहते आहे, त्याच दिवशी तळ्यातलं पाणी कमी करा.

बीळ बुजवताना तोंडावर पाटीभर माती लोटणं म्हणजे जखमेवर नुसती पट्टी. बीळ रिकामं असल्याची खात्री करा, पाणी कमी असताना ते शेवटापर्यंत उकरा, आणि चिकण माती थोडी ओली करून चार-चार बोटांच्या थरांनी चोपत भरा. खोलवर उकरणं शक्य नसेल तर पातळ चिखल ओतत राहा, आत बसेपर्यंत. मुरूम वापरू नका, त्यातून पाणी जातं. घराच्या पायातली घुशीची बिळं बुजवताना सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घालतात, ती जुनी युक्ती चालते. पण नालीकडचं तोंड जाळीने बंद केलं नाही तर घूस दोन हात सोडून नवीन खणते.

अडलं तर फोन कुठे करायचा? वन्यप्राण्यासाठी वन विभागाचा 1926. औषधाच्या प्रमाणासाठी किसान कॉल सेंटर 1800-180-1551, किंवा कळमनुरी तालुक्यातलं तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र, किंवा परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. फोटो सोबत ठेवा, नुसतं "मोठं बीळ आहे" म्हणून कुणालाच काही सांगता येत नाही.

मामाने तार सोडली नाही. भुईमुगाच्या तुकड्याला दोन बाजूंनी जाळी गाडली, उरलेल्या दोन बाजू "पैसे आल्यावर" आहेत. सायाळ अजून त्याच धुऱ्यात राहते. मागच्या आठवड्यात परत फोटो आला, यावेळी गोठ्याच्या पायाशी मुठीएवढं बीळ, शेजारी ताजी माती. चपलेऐवजी लेकाच्या कंपासपेटीतली पट्टी ठेवली होती. खाली लिहिलं होतं, "ही तरी घूसच ना रे?"